पॉम-मिक्स म्हणजे नेमका कोण?

पशुवैद्याच्या केसपेपरवर नाव, वय आणि वजन यांच्या शेजारी 'ब्रीड' असा एक रकाना असतो. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही दवाखान्यात तासभर बसलं, तर त्यात काय काय लिहिलं जातं ते कळतं. पॉम-मिक्स. शिह त्झू क्रॉस. लासा आणि आणखी काहीतरी. आई स्पिट्झ, बाप माहीत नाही. टेबलावर मात्र पाच-सहा किलोंचं एक जिवंत कुतूहल उभं असतं. त्याचा एक कान ताठ, दुसरा दुमडलेला, अंगावर पांढऱ्यात बिस्किटी ठिपके आणि शेपूट पाठीवर गोल वळलेली. घरच्यांचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. हा केवढा होईल? केस गळतील का? लहान मुलांना चावणार तर नाही ना?

या सगळ्यांची उत्तरं त्या एका रकान्यातून मिळतील, अशी आपली समजूत असते. गेल्या काही दशकांतलं संशोधन सांगतं, की मिश्र कुत्र्याच्या बाबतीत तो रकाना फार थोडं सांगतो. बाकीचं त्या कुत्र्याकडूनच समजून घ्यावं लागतं, आणि ते जमण्यासारखं आहे.

महाराष्ट्रात छोटा कुत्रा म्हटलं, की आधी डोळ्यांसमोर येतो तो पांढराशुभ्र, केसाळ 'पामेरियन'. १९९४ साली आलेल्या 'हम आपके हैं कौन' या चित्रपटातल्या टफीने ते चित्र घराघरांत पक्कं केलं. टफी पामेरियन नव्हता, इंडियन स्पिट्झ होता. इंग्रजांच्या काळात इथे आलेल्या जर्मन स्पिट्झ कुत्र्यांचा हा वंश आपल्या उन्हाळ्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढला आणि इथलाच झाला. खरा पामेरियन जेमतेम दोन-तीन किलोंचा असतो. आपल्याकडे त्या नावाने ओळखला गेलेला कुत्रा बहुधा त्याच्या दुप्पट वजनाचा स्पिट्झच होता. तो चाळीत रमला, वाड्यात रमला, दूध-पोळीवर राहिला आणि फाटक उघडं सापडलं की बाहेरही जाऊन आला. आजच्या कितीतरी पॉम-मिक्सची वंशावळ त्या उघड्या फाटकाशीच सुरू होते.

आई-बाप दोन वेगळ्या जातींचे असले, की पिल्लात दोघांचे गुण निम्मे-निम्मे उतरतील असं वाटतं. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघांनी कुत्र्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतला क्वचितच भुंकणारा बसेंजी आणि लांब कानांचा, माणसाळलेला कॉकर स्पॅनियल यांचा त्यांनी संकर केला. पहिल्या पिढीची पिल्लं बरीचशी एकमेकांसारखी निघाली. त्याच पिल्लांची पुढे आपसात वीण झाली, तेव्हा दुसऱ्या पिढीत नाना तऱ्हा दिसल्या. काही पिल्लांकडे पाहून त्यांचे आजी-आजोबा कोण हे ओळखणं अवघड होतं. हे सगळं फक्त दोन जातींचं. आपल्या सोसायटीतल्या पॉम-मिक्सच्या मागे किती पिढ्या आणि किती वाटा असतील, कोण सांगणार?

केसांचं उदाहरण पाहिलं तर हे अधिक स्पष्ट होतं. कुत्र्यांच्या केसांची बहुतेक सगळी विविधता अवघ्या तीन जनुकांच्या जुळणीतून येते, असं २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. एका जनुकामुळे केस लांब होतात, दुसऱ्यामुळे कुरळे. तिसऱ्यामुळे तोंडावर मिशा, दाढी आणि जाड भुवया येतात, आणि असे मिशीवाले कुत्रे सहसा केस कमी गाळतात. पूडलच्या तोंडावर हा जामानिमा असतो, कॉकर स्पॅनियलच्या नसतो. मिशीचा गुण वरचढ असल्यामुळे दोघांच्या पहिल्या संकरातली, म्हणजे कॉकापू नावाने विकली जाणारी, सगळी पिल्लं मिशीवाली होतात. पण दोन कॉकापूंची वीण झाली, तर सरासरीने चारातलं एक पिल्लू गुळगुळीत तोंडाचं निघतं आणि सोफ्यावर केसही गाळतं. 'केस गळणार नाहीत' अशी हमी देणारा विक्रेता कोणत्या पिढीचं पिल्लू विकतो आहे, हे म्हणूनच विचारायला हवं.

आता स्वभाव. इथेच लोक जातीवर सगळ्यात जास्त भिस्त ठेवतात. संशोधक एलिनॉर कार्लसन आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी अमेरिकेतल्या १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांकडून स्वभावाची तपशीलवार माहिती घेतली आणि त्यातल्या २,१५५ कुत्र्यांची जनुकीय तपासणी केली. सुमारे निम्मे कुत्रे मिश्र होते. स्वभावाच्या काही छटांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा दिसला, पण एका कुत्र्यात आणि दुसऱ्यात जो फरक असतो, त्यातला सरासरी केवळ ९ टक्के भाग जातीने समजावता आला. सांगितलेलं ऐकण्याच्या बाबतीत जातीचा प्रभाव त्यातल्या त्यात जास्त होता. कुत्रा किती पटकन चिडतो हे मात्र जातीवरून जवळपास सांगताच येत नव्हतं. मुलांना चावेल का, असं विचारणाऱ्या आई-बापांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवावा. उत्तर त्या पिल्लाच्या आईच्या स्वभावात, त्याच्या पहिल्या तीन महिन्यांत आणि घरातल्या वागणुकीत शोधावं लागतं.

जात बाजूला ठेवून नेमका कुत्रा निवडण्याचं एक मोठं उदाहरण इतिहासात आहे. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी अंतराळात पाठवण्यासाठी मॉस्कोच्या रस्त्यांवरचे मिश्र कुत्रे गोळा केले. थंडी आणि उपासमार सोसून जगलेला जीव काटक असतो, हा त्यामागचा विचार. कुपी लहान, म्हणून कुत्रा पाच-सहा किलोंच्या आसपासचा हवा. कुत्रीच हवी, कारण अरुंद जागेत मलमूत्र गोळा करण्याची सोय तिलाच जुळत होती. कॅमेऱ्यात नीट दिसावी म्हणून रंग उजळ हवा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, स्वभाव शांत हवा. या कसोट्यांवर उतरलेल्या लायकाला ३ नोव्हेंबर १९५७ रोजी अवकाशात सोडण्यात आलं. तिला परत आणण्याची योजनाच नव्हती. ती काही तासांतच उष्णतेने गेली, हे जगाला २००२ साली कळलं. एका विश्वासू जिवाला दिलेली ही शिक्षा आजही वाचताना त्रास देते.

अशाच निवडलेल्या बेल्का आणि स्ट्रेल्का या दोघी १९ ऑगस्ट १९६० रोजी अवकाशात गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सुखरूप उतरल्या. पुढे स्ट्रेल्काला सहा पिल्लं झाली. त्यातलं पुशिंका नावाचं केसाळ पांढरं पिल्लू सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांनी १९६१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या कुटुंबाला भेट दिलं. तिच्या अंगात हेरगिरीचं एखादं उपकरण तर नाही ना, म्हणून तिची आधी तपासणी झाली. मग ती व्हाइट हाउसमध्ये रुळली, आणि चार्ली या तिथल्या वेल्श टेरियरपासून १९६३ साली तिला चार पिल्लं झाली. मॉस्कोच्या गल्लीतल्या एका कुत्रीची नातवंडं अशी अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या अंगणात खेळली.

ठरवून केलेल्या संकरांची गोष्ट वेगळी. ऑस्ट्रेलियातल्या अंधांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन काम करत होते. हवाईत राहणाऱ्या एका दृष्टिहीन बाईंना मार्गदर्शक कुत्रा हवा होता, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची अॅलर्जी होती. पूडल चालेल म्हणून कॉनरननी तब्बल ३३ पूडल पारखून पाहिले. एकही त्या कामाला योग्य निघाला नाही. अखेर १९८०च्या दशकाच्या शेवटी त्यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली. त्यांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली, आणि तिघांतल्या सुलतान या एकाच पिल्लाचा त्या गृहस्थांना त्रास झाला नाही. उरलेल्या दोघांना कुणी घेईना, तेव्हा कॉनरननी 'लॅब्राडूडल' हे नाव काढलं आणि मागणीचा पूर आला. तीस वर्षांनी, २०१९ साली, त्यांनी या सगळ्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. नावामागे धावणाऱ्या बाजारात आई-बापांचं आरोग्य न तपासता पिल्लं काढली जातात, हे त्यांचं दुःख होतं.

तीन पिल्लांतलं एकच चाललं, हा तपशील पुढच्या जाहिरातींत हरवून गेला. आज छोट्या पूडलचे कॉकापू, कॅव्हापू, माल्टिपू असे संकर आपल्या शहरांतही 'अॅलर्जी-फ्री' म्हणून विकले जातात. अॅलर्जी होते ती मुख्यतः कुत्र्याच्या लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे, आणि ही प्रथिनं प्रत्येक कुत्र्यात असतात. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुत्रे असलेल्या घरांतली धूळ तपासली. तथाकथित अॅलर्जी-फ्री जातींच्या घरांत आणि इतर घरांत त्यांना फरक आढळला नाही. घरात कुणाला दमा किंवा अॅलर्जी असेल, तर ज्या कुत्र्याला आणायचं त्याच्याचजवळ त्या व्यक्तीने अनेकदा बसून पाहणं हाच भरवशाचा उपाय आहे.

मिश्र कुत्रा जास्त निरोगी, हा समजही असाच घट्ट आहे. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजने २०२४ साली कॉकापू, लॅब्राडूडल, कॅव्हापू आणि त्यांच्या मूळ जाती मिळून ९,४०२ कुत्र्यांची माहिती ५७ सामान्य विकारांच्या बाबतीत ताडून पाहिली. ८६.६ टक्के तुलनांमध्ये फरक दिसला नाही. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या ५ लाख ८४ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या आयुर्मानाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शुद्ध जातींचं मध्यम आयुष्य १२.७ वर्षं आलं आणि मिश्र कुत्र्यांचं १२. मिश्र कुत्रे दुबळे असा अर्थ यातून काढू नये. त्या गटात रस्त्यावरून आलेले, ठरवून केलेले, लहान-मोठे सगळेच एकत्र मोजलेले होते. आयुष्यावर ठळक परिणाम दिसला तो आकाराचा आणि नाकाचा. लहान चणीच्या, लांब नाकाच्या माद्या १३.३ वर्षांपर्यंत पोहोचत होत्या. म्हणजे टोकदार नाकाच्या पॉम-मिक्सला आणि चपट्या नाकाच्या पग-मिक्सला 'छोटा मिश्र कुत्रा' असं एकच लेबल लावून भागत नाही. चपट्या नाकाच्या कुत्र्याला धापा टाकून अंग थंड करणं जड जातं. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारचा फेरफटका त्याच्या जिवावर बेतू शकतो.

मग घरी आलेल्या या पाहुण्याची ओळख करून कशी घ्यायची? सुरुवात शरीरापासून करावी. छोट्या कुत्र्यात नेहमी आढळणारी एक खूण अशी, की तो छान चालत असतो, मध्येच मागचा एक पाय वर धरून दोन-तीन पावलं लंगडतो, पाय झटकतो आणि पुन्हा काही न झाल्यासारखा पळतो. घरचे म्हणतात, बघा कसा उड्या मारतोय. अनेकदा ती गुडघ्याची वाटी सरकल्याची खूण असते. मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवलं, तर निदान सोपं होतं, कारण दवाखान्यातल्या टेबलावर तो हमखास सरळ चालतो. सहा-सात महिन्यांचा झाला की ओठ हलकेच वर करून सुळे पाहावेत. दुधाचा बारीक सुळा न पडता नव्या सुळ्याला चिकटून उभा असेल, तर मधल्या फटीत अन्न अडकतं आणि हिरड्या लवकर खराब होतात. असा दात बहुधा नसबंदीच्या वेळीच काढून टाकतात. गळ्यातल्या पट्ट्याला हिसका बसल्यावर बदकासारखा कोरडा खोकला आला, तर श्वासनलिका नाजूक असू शकते. अशा कुत्र्याला छातीभोवतीचा हार्नेस घालावा. खरं तर सगळ्याच छोट्या कुत्र्यांना तोच बरा.

स्वभावाची ओळख पटायला वेळ लागतो. नव्या घरातले पहिले काही दिवस कुत्रा दबून असतो किंवा बिचकतो. त्या दिवसांवरून त्याला गरीब किंवा चावरा ठरवणं घाईचं होतं. पाहुण्यांनी डोक्यावरून हात फिरवला, की तो ओठ चाटतो, जांभई देतो, मान वळवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो. हे 'मला नको' असं सांगणं असतं. शेपूट हलते म्हणजे तो खूशच आहे असंही नाही. अंग ताठ आणि शेपूट उंच, थरथरती असेल तर तो तणावात असतो. एवढं सांगूनही कुणी ऐकलं नाही, तर तो गुरगुरतो. मोठा कुत्रा गुरगुरला की माणसं मागे सरकतात, आणि सहा किलोंचा गुरगुरला की हसतात, वर उचलून घेतात किंवा रागावतात. गुरगुरून उपयोग नाही हे एकदा कळलं, की तो पुढच्या वेळी थेट दात लावतो. व्हिएन्नात २०१० साली झालेल्या एका अभ्यासात छोटे कुत्रे मोठ्यांपेक्षा कमी आज्ञाधारक आणि जास्त आक्रमक आढळले. त्यांचे मालक शिकवण्याच्या बाबतीत कमी सातत्य ठेवतात, हेही तिथेच दिसलं. आज सोफ्यावर चालतं, उद्या ओरडा बसतो. अशा घरात कुत्र्याने काय शिकावं?

स्कॉट आणि फुलर यांच्या कामातून आणखी एक मोलाची गोष्ट हाती लागली. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जग ओळखीचं करून घेतं. त्या काळात जे दिसतं-ऐकू येतं, त्याची पुढे सहसा भीती उरत नाही. लसीकरण पूर्ण झालेलं नसतं म्हणून पिल्लाला जमिनीवर सोडता येत नाही, हे खरं. पण कडेवर घेऊन लिफ्ट, वॉचमनची काठी, भाजीवाल्याची आरोळी, छत्र्या, शाळेतून सुटलेली पोरं हे सगळं लांबून दाखवता येतं. कुकरच्या शिटीची ओळख तर घरातच होते. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात न चुकता द्यायची, आणि महापालिकेचा परवानाही काढायचा.

खाण्याचा हिशोब छोट्या कुत्र्याच्या बाबतीत फार लवकर चुकतो. नसबंदी झालेल्या पाच किलोंच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण साडेतीनशे कॅलरी पुरतात. मध्यम पोळीत शंभराच्या आसपास असतात. आजीने एक, नातवाने एक आणि चहाबरोबर दोन बिस्किटं असं झालं, तर दिवसाचा मोठा वाटा संपला आणि अंगाला लागणारी प्रथिनं जवळपास मिळालीच नाहीत. कांदा-लसूण, चॉकलेट आणि मनुका त्याच्यापासून दूर ठेवाव्यात. वीस किलोंच्या कुत्र्याला सोसेल तेवढं प्रमाणही याला बाधतं.

पावसाळ्यात रोज संध्याकाळी बोटांच्या बेचक्यांत, कानांच्या आत आणि पट्ट्याखाली गोचीड शोधायची. केसाळ कुत्र्यात ती डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागते. तो अन्न सोडतो, मलूल पडतो, हिरड्या फिक्या दिसतात, अशा वेळी उद्यावर ढकलू नये, कारण गोचीडतापावर वेळेत उपचार झाले तर कुत्रे बरे होतात. दिवाळीत फटाके सुरू होण्याआधीच त्याला फिरवून आणावं, आणि रात्री खिडक्या बंद केलेल्या एका खोलीत घरचं कुणीतरी त्याच्याजवळ बसावं.

पिल्लू विकतच घ्यायचं असेल, तर कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे. केंद्र सरकारच्या २०१७च्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. आई दाखवायला का-कू करणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये. ती पाहुण्यांसमोर कशी वागते, तिचे दात आणि गुडघे कसे आहेत, यावरून पिल्लाबद्दल जेवढं कळतं तेवढं 'ब्रीड'च्या रकान्यातून कळत नाही.

ज्यांना खात्री हवी आहे, त्यांच्यासाठी मात्र दीड-दोन वर्षांचा मिश्र कुत्रा पिल्लापेक्षा बरा. शहरांतल्या निवारा केंद्रांमध्ये असे छोटे कुत्रे नेहमी असतात. मालकाची बदली झाली, घरात बाळ आलं, आजोबा गेले, अशा कारणांनी तिथे पोहोचलेले. त्याचं वजन काट्यावर दिसतं, केस किती गळतात ते अंगावरच्या कपड्यांवर दिसतं. स्वभावासाठी तिथे रोज खायला घालणाऱ्या माणसाला विचारावं. हा ताटाजवळ दुसऱ्या कुत्र्याला येऊ देतो का, झाडूला घाबरतो का, रात्री एकटा राहिला तर रडतो का, हे त्याला तोंडपाठ असतं. मग दोन-तीन वेळा जाऊन कुत्र्याला फिरवून आणावं, एकदा घरातल्या मुलांनाही न्यावं आणि तो कुणाजवळ आपणहून येऊन बसतो ते पाहावं.